कात्रीची आंघूळ

सतरा बार बाळंत झालेला बाप्या तुमी कुठं पायला नसंल. त्यो मी. एकदा आडवं मूल, दोनदा पायाळू, बाकी सरळ. एकबी कळ खरी नव्हती, पन वरडलो मातर खरं. पारावरची मानसं आजूनबी म्हनत्यात, "धोंडबा, ती बाळंतपनाची गंमत सांग की." मी सांगतो. जन्मभर हसवत आलोय, आता न्हाई कसं म्हननार. पन हल्ली सांगताना मधीच दम लागतो, आन मानसं जिथं हसत्यात तिथनं फुडचं मी कुनाला सांगत न्हाई. ते आज नातसुनंला सांगतोय, ती लिवून घेतीया. मला लिवता येत न्हाई. साळंत गेलो त्यो एकच दिस, आन त्या दिशीबी मास्तरांची म्हस सुटली म्हनून ती हुडकाय मलाच धाडलं. म्हस घावली, मी काय परत गेलो न्हाई.

आमचं घर भोरच्या वरल्या अंगाला, हिर्डोशीकडं जानाऱ्या वाटंपास्नं आत, डोंगराच्या कुशीला. कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आन छपरातनं धूर असा निघायचा की लांबनं बघनाऱ्याला वाटावं घर पेटलंय. कोंबडं आरवायच्या आदी आईचं जातं सुरू व्हायचं. नाचनी दळायची ती. जातं थांबलं की उखळात मुसळ, मुसळ थांबलं की आईचं तोंड. ह्या तीन आवाजांतला एकतरी कानावर असला की मी गाढ झोपायचो. तिन्ही थांबले की जाग यायची. खायला नाचनीची भाकर, कारळ्याची चटनी, थंडीत हुलग्याचं माडगं. भात आमी पिकवायचो, पन खायचो सनाला. वरच्या सड्यावर धनगरांचे वाडे. त्यांच्या मेंढरांचा आवाज सांच्याला खाली उतरायचा, तवा आई म्हनायची, "धोंड्या, मेंढरंसुदीक घरी आली, तू कुठं उंडारतुयास?"

धोंडू हे नावबी उगं न्हाई. माझ्या आदीची तीन गेली. मग चौथ्याला दगडाचं नाव ठिवलं, म्हंजी सटवाईनं बघितलं तरी तिला वाटावं, ह्यो धोंडा, ह्येला कशाला न्यायचा. तिनं लगीच इश्वास ठिवला. माझं तोंड बघून कुनीबी ठिवला असता.

आमच्या डोंगरात पोरं अशीच जायची. चांगलं रडत जन्मायचं, प्यायचं, आन सा-सात दिस झालं की दूध तोंडात घेईना. जबडा आवळायचा, अंग धनुकलीगत मागं वाकायचं, आन आठव्या-नवव्या दिशी पोर गेलं. सटवाईनं नेलं म्हनायचं आन पाटीत पोर घिऊन मानसं वढ्याकडं पुराय जायची. माझं पयलं पोर असंच गेलं. पयलं बाळंतपन म्हायारात, म्हनून माझी बायकू हौसा तिच्या आईकडं गेलीती. पोरगा झाल्याचा सांगावा आला. मी बारशाला म्हनून खोबरं घिऊन निघालो, वाटंत भेटंल त्येला बाप झाल्याचं सांगत गेलो, दोन-चार मानसांनी पेढं मागितल्यावर तुमालाबी पोरं व्हतील म्हनून आशीर्वाद दिलं. दारात पोचलो तर सासरा घोंगडीत तोंड घालून बसल्याला. पोर आदल्या दिशीच गेलं व्हतं. खोबरं तसंच मागं आनलं. येताना वाटंत तीच मानसं भेटली.

त्याच सुमाराला संस्थान जाऊन सरकार आलं व्हतं, आन सरकारचा दवाखाना खालच्या रस्त्यावरच्या गावात आला. दोन खोल्या, वर कौलं. डाक्टर आठवड्यातनं एकदा यायचे, आले तर. मला तिथं शिपाई म्हनून घेतलं. काम तीन: पानी भरायचं, गुरं आत येऊ द्यायची न्हाईत, आन डाक्टर आज आले न्हाईत असं सांगायचं. तिसरं काम सगळ्यात जड. तिथं एक नर्सबाई ऱ्हायाची. पांढरं लुगडं, पायात कापडी बूट, बोलनं पुस्तकातलं. सगळा डोंगर ती पायी हिंडायची आन घरी पोचायची तवा बाळंतपन हून पोराला तेल लावून झाल्यालं असायचं. एकदा वाटंत दगडावर बसली, बूट काढला, टाचंचा फोड बघितला आन म्हनली, "मी एकटी किती ठिकाणी पोचणार, धोंडू? ज्या आधीच पोचल्यात त्यांनाच शिकवायला हवं."

ज्या आदीच पोचल्या व्हत्या त्या म्हंजी सुइनी. भात झोडून झाल्यावर बाईनं अकरा वाड्यांच्या अकरा सुइनी चावडीच्या पडवीत बोलावल्या. त्यांत माझी बायजामावशी, आईची थोरली भन. कवाच रांडवलेली, उंच, दातांना मिसरी, बोलनं तोडून टाकल्यागत. आमच्या वाडीची आन वरच्या धनगरवाड्याची सगळी पोरं तिच्याच हातावर आल्याली, मीबी. शिकवून झालं की दर सुइनीला एक पत्र्याची पेटी मिळनार व्हती. त्यात कात्री, दोरा, साबन, धुतलेली फडकी.

दोन दिस बाया पदरात तोंड घालून बसल्या. बाईनं इचारलं, "नाळ कशानं कापता?" एकीनं तोंड भिताडाकडं केलं. मी दारात बादली घिऊन हुबा. माझ्या तोंडाला कडी कवाच नव्हती. म्हनलं, "बाई, इळ्यानं. सकाळी त्याच इळ्यानं गवात, दुपारी नाळ, सांच्याला भोपळा. वर चुलीतली राख." पदरामागं खुदखुद झाली. बाईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, गेली नोकरी. ती म्हनली, "धोंडू, आत ये. आडवा हो इथं."

आन तसा मी बाळंत झालो. पोटाला तुसाची पिशवी, वरनं मावशीचं जुनं लुगडं, पिशवीखाली चिंध्यांची बाहुली, बाहुलीला सुताच्या नाड्याची नाळ. मी कळा दिल्या. हौसानं मला दिल्या असतील त्या सगळ्या शिव्या मी माझ्या नसलेल्या नवऱ्याला दिल्या. अकरा बाया पदर सोडून हसल्या, आन हसता हसता एक बोलून गेली, "तसं न्हाई रं मुडद्या, गुडघं वर घे." दुसरी म्हनली, "त्येला आडवा कशाला पाडलाय? आमच्यात दोरीला धरून उकिडवं बसवत्यात." बाईनं वही काढली. तिथनं फुडं बाई त्यांची चूक दाखवायची, त्या बाईची दाखवायच्या, आन दोघींच्या मधी मी कन्हत पडल्याला. रोज दोन-तीन बार. आठवड्याच्या बोलीवर बाळंतीन ठिवली व्हती म्हना.

कात्री उकळायचं मातर कुनाच्या टकुऱ्यात शिरंना. बाई म्हनली, "ही वीस मिनिटं उकळायची. मग नाळ कापेपर्यंत तिला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही."

"का पर?" मावशीनं इचारलं.

"जंतू असतात. डोळ्यांना दिसत नाहीत."

बायांनी एकमेकींकडं बघितलं. डोळ्यांना न दिसनारं त्यांनी जन्मभर लई बघितलं व्हतं, पन त्येला लिंबू-नारळ लागतो, कढत पानी कुठं लागतं? बाईनं पुन्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. ऊन कललं, मला भूक लागल्याली. म्या पडल्या पडल्या म्हनलं, "मावशी, तू देव पारोसा ठिवतीस का?"

"न्हाई बा."

"मग कात्रीबी पारोशी चालायची न्हाई. तिची आंघूळ झाल्याबिगार तिला हात लावायचा न्हाई."

"अस्सं सांग की मग!" मावशी म्हनली, आन अकराच्या अकरा माना हालल्या. बाईबी हसली. वीस मिनिटांचाबी म्या हिशेब लावला: शेजारच्या चुलीवर भात टाकायचा, भात शिजला की कात्री न्हाली. त्या दिशी मला वाटलं, मी निम्मा डाक्टर झालो. आजून वाटतं, त्या येळंला भूक लागली नसती तर बरं झालं असतं.

गावात माझं नाव बाळंत्या धोंडू पडलं. आईनं दोन दिस मला भाकर वाढली ती पाठ करून. म्हनली, "आपल्या घरान्यात आजवर बाप्ये लई निपजले, बाळंत कुनी झालं नव्हतं. ती हौस तू फेडलीस." हौसानं एका दुपारी तांदूळ निवडता निवडता इचारलं, "त्या इळ्यानंच गेलं व्हय आपलं?" म्या म्हनलं, बाई तसं म्हनती. ती निवडत ऱ्हायली. निवडून झाल्याले तांदूळबी पुन्यांदा निवडले.

ह्या समद्यात सगळ्यात मोठ्यानं हसनारी कुनी असंल तर येमनी. वरच्या वाड्यावरच्या भिवा धनगराची सून, माझ्याच वयाची. आमच्याकडं लोनी द्यायला यायची आन मला दादा म्हनायची. ती हसली की खालच्या शेतातली मानसं वर बघायची. तिला लोनी तोलून द्यायच्या आदी माझ्याकडनं एक बाळंतपन करून घ्यायचं असायचं. श्रावनात तिचे दिस भरले. सासू म्हनली, "पेटीबिटी आमाला नगं, सात पोरं म्या इळ्यावर काढली." येमनीनं हट्ट धरला. "मला पेटीवालीच सुईन पायजे. धोंडूदादानं शिकवलेली." आन बायजामावशी पेटी घिऊन पावसात इरलं घालून वर गेली. पोरगी झाली. माझी मान अशी ताठ झाली की आईनं इचारलं, लचकली का काय.

सातव्या दिशी येमनीच्या पोरीनं दूध सोडलं. नवव्या दिशी गेली.

मी वर गेलो. भिवा दगडावर बसल्याला, मेंढरं सोडलीच नव्हती, ती वाड्यात वरडत व्हती. सासू म्हनत व्हती, "इळा सोडला, सटवाई कोपली. सांगत व्हते." येमनी आत. मला आयुष्यात पयल्यांदा बोलाय काय सुचलं न्हाई, म्हनून मी मेंढरं सोडून आलो.

वाटंत येताना एकच डोक्यात फिरत व्हतं: इळा न्हाई, राख न्हाई, कात्री उकळलेली. मग कसं? आन हौसाचे दिस भरत आल्याले. अवंदा आईनं तिला म्हायारी धाडलं नव्हतं, मावशीच्या हातनं घरीच करायचं म्हनली व्हती. दोन दिसांनी मावशीला सांगाय गेलो की आता कवाबी बोलावनं यील. मावशी चुलीम्होरं. पेटी देव्हाऱ्यात. उघडून बघतो तर कात्री कुंकवानं लाल. पात्याच्या सांदीत हळद बसल्याली.

"मावशी, ह्ये कुंकू कशापायी?"

"कशापायी म्हंजे? आंघूळ झाल्यावर उघड्या कपाळानं ठिवत्यात व्हय देव?"

"नाळ कापायच्या आदी लावतीस?"

"आदी न्हाई तर काय मागनं? न्हाऊ घालते, सुपात तांदळावर ठिवते, हळदकुंकू वाहाते, पाया पडते, मग कापते. पन म्या न्हाई लावत हां. माझ्या रांडमुंडीच्या हातचं कसं चालंल? ज्येच्या घरी बाळंतपन तिथल्या सवाशिनीला लावाय सांगते. येमनीच्यात सासूनं लावलं. गोठ्यातनं शेनाच्या हातानं धावत आली बिचारी, तवा लुगड्याला हात पुसून तिनं..."

तिथं ती थांबली. माझं तोंड तिनं जन्मापास्नं बघितल्यालं.

"धोंड्या, काय झालं?"

म्या सांगितलं. कढत पान्यातनं निघाल्यावर कात्रीला काय लागायचं न्हाई, हात न्हाई, तांदूळ न्हाई, कुंकू न्हाई. लागलं तर उकळून न उकळल्यागत. बाईनं सांगितलं व्हतं, कशाचा स्पर्श नगं. पन कुंकू म्हंजी काय घान हाय का? तिच्या लेखी ती कात्री शुद्धच करत व्हती, आन तिला ती वाट दाखवनारा मी. कुंकवानंच पोर गेलं का आनखी कशानं, ते मला आजून ठावं न्हाई. त्याच कुंकवावर तिच्या हातची चार-पाच पोरं वाचलीबी व्हती. पन त्या घटकंला आमी दोघंबी काय ते समजलो. म्या म्हनलं, "चूक माझी हाय. मला काय म्हाईत, तू कात्रीला सवाशीन करशील." सवयीनं तोंडातनं गेलं. ती हसली न्हाई.

उठून तिनं हात धुतले. दोनदा धुतले. म्हनली, "आजच वर जाते. येमनीला सांगते."

"नगं."

"का?"

"त्यांनी वाडीत वरडा केला तर तुला कोन बोलवंल? समद्या परत इळा घेतील." हे मी म्हनलं, आन हे खरंबी व्हतं. पन खरं कारन त्येच्या खाली व्हतं, आन ते मला तिला सांगायचं नव्हतं. तिच्या नजरंनं ते काढून घेतलं. म्या म्हनलं, "हौसाचं हू दे, मावशी. मग सांग." माझ्या पोराच्या टायमाला माझी सुईन मोडून पडायला नगं व्हती. एवढंच. येमनीची पोर मातीत जाऊन चार दिस झाले नव्हते, आन मी माझ्या पोराची पेटी संभाळत व्हतो.

"बरं," मावशी म्हनली.

हौसाला एका सकाळी कळा लागल्या. नदी फुगल्याली, नर्सबाई पल्याड अडकल्याली. सतरा बार बाळंत झाल्याला मी, मला आईनं धरून पडवीत बसवलं आन दार लावलं. कुडाची भिंत, त्यातनं समदं ऐकू येतं. पानी खदखदत व्हतं. हौसा शिव्या देत व्हती. मी देत व्हतो त्यापेक्षा तिच्या लई चांगल्या. मग पोर रडलं. मग आईचा आवाज, "थांब, कुंकवाचा करंडा आनला."

"कात्रीला न्हाई लावायचं," मावशी म्हनली.

"म्हंजे? बाकी समद्यांना लावलंस आन माझ्याच नातवाला न्हाई? पयलं गेलंय, बायजे. सटवाईला आनखी डिवचू नगंस."

"सर बाजूला."

"न्हाई सरायची. बिनकुंकवाची कात्री माझ्या घरात..."

मी दाराला हात लावला. आत जावं तर आई बोंब मारंल, न जावं तर आई करंडा सोडायची न्हाई. आन काय बोलनार? आंघोळीचं सांगनारा मीच. तेवढ्यात मावशी बोलली, अगदी सावकाश, "तुला कुंकू लावायचंच हाय न्हवं? मग माझ्या कपाळाला लाव. कात्रीला न्हाई लागनार."

पोरगंसुदीक रडायचं थांबलं असं मला वाटलं. आपल्या कपाळाच्या कुंकवाचं नाव तिनं तीस वर्सांत काढलं नव्हतं. मग करंडा फळीवर ठिवल्याचा टक आवाज आला, आन त्येच्यामागनं कात्रीचा.

त्या फुडचे दिस काय सांगू. जातं, मुसळ, आईचं तोंड, तिन्ही आवाज चालू व्हते आन मला झोप न्हाई. मी फकस्त एकच ऐकायचो: पोर पितंय का. चुटूचुटू आवाज आला की भाकरीचा घास खाली उतरायचा. सहावा दिस. सातवा. आठव्याला सकाळी ते प्यालं न्हाई आन मी वढ्याकडच्या वाटंकडं बघितलं. मागनं कळलं, झोपल्यालं व्हतं. हौसा माझ्याकडं बघायची न्हाई, मी तिच्याकडं न्हाई. शेपूची भाजी, डिंकाचा लाडू, बाळंतिनीचं म्हनून जे जे व्हतं ते आई करत व्हती आन आमी कुनी त्येची चव घेत नव्हतो. नववा गेला. धावा गेला. अकराव्याला आई म्हनली, "बारशाचं बोलावनं करायचं का?" आन तिनंच करूनबी टाकलं.

बारशाला येमनीला बोलावलं नव्हतं. कसं बोलावनार? पोर गेलेल्या बाईला कुनी पाळन्याकडं बोलवीत न्हाई. ती आपसूक आली. लोन्याची लोटी आनली आन पदराखालनं एक कुंची काढली. लाल खनाची, कडंला हिरवी पट्टी, बारीक टाके. तिच्या पोरीला शिवल्याली. बाया कुजबुजल्या. येमनी म्हनली, "कोरी हाय. एकदाबी घातली न्हाई. कुनाच्यातरी डोक्याला लागू दे." आई न्हाई म्हनायला फुडं झाली, त्येच्या आदी हौसानं हात केला. कुंची घेतली आन सगळ्यांदेखत पोराच्या डोक्याला बांधली.

मी उंबऱ्यात. त्या घटकंला काय बोलायला पायजे व्हतं ते मला ठावं व्हतं. बावीस दिस ठावं व्हतं. म्या म्हनलं, "बरं केलंस येमने, पोरगं माझ्यावर गेलंय, तोंड झाकाय कायतरी पायजेच व्हतं." येमनी हसली. खालच्या शेतापत्तर गेलं असंल.

बायजामावशी कोपऱ्यात बसल्याली. उठली. येमनी निघाली तशी तिच्या मागनं गेली. बांधावर दोघी हुब्या ऱ्हायल्या. बोलनं ऐकू येत नव्हतं. मावशी खाली बघून बोलत व्हती आन येमनी तिच्याकडं बघत. मग मावशी तिथंच बांधावर बसली. येमनीनं तिच्या खांद्याला हात लावला, का नुसता तोल सावरला, ते मला लांबनं कळलं न्हाई. आन ती परत आमच्या दाराकडं आली. मला वाटलं, कुंची न्यायला आली. म्या पोराच्या हनवटीखालची नाडी सोडाय घेतली. माझी बोटं गाठीत अडकली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हनली. मग इचारलं, "तुला कवापास्नं ठावं व्हतं, दादा?"

"तुझी पोर गेली त्येच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिसापास्नं."

तिनं पोराकडं बघितलं, कुंचीकडं बघितलं. "मघाशी मी हातात दिली तवा तरी बोलायचं व्हतंस," म्हनली, आन लोन्याची रिकामी लोटी घिऊन गेली.

नदी उतरली तवा म्या नर्सबाईला समदं सांगितलं. मला वाटलं ती नोकरीवरनं काढंल. मला तेच पायजे व्हतं. ती म्हनली, "आंघोळीनंतर तुम्ही काय करता, हे मी विचारलंच नाही." आन मला बाकीच्या धा वाड्या हिंडाय लावल्या. हिंडलो. चार ठिकानी कुंकू, दोन ठिकानी देवाचा अंगारा, एकीनं कात्रीला धूप दावून नव्या खनात बांधून ठिवल्याली. सगळ्यांनी अगदी मनापास्नं केल्यालं. दर ठिकानी बसून सरळ सांगितलं, गंमत न्हाई, उदाहरन न्हाई. हिर्डोशीकडची एक सुईन म्हनली, "आज हसवीत न्हाईस व्हय रं?" म्या म्हनलं, घसा बसलाय. त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी ऐकलं. मावशीनं तर मरंस्तवर पेटी सोडली न्हाई. येमनीची फुडची चारबी तिच्याच हातावर झाली, आन जगली. नंतर मोठे दवाखाने झाले, मोटारी आल्या, आता पोरी हितनं थेट पुन्याला जात्यात. ह्या अकरा जनींची नावं कुठं लिवल्याली नसतील.

येमनी मला टाळत नव्हती. लोनी द्यायला यायची, बोलायची, दादाच म्हनायची. माझ्यापाशी हसली मातर न्हाई. मी लई परकार केले; मानूस किती कोडगा असतो बघा. आता तिला दिसत न्हाई, आवाजावरनं वळखती. भोरच्या बाजारात गाठ पडली की काठी टेकून थांबती आन इचारती, "पोरगं बरं हाय का?"

पोरगं आता आजा झालंय. मी म्हनतो, "बरं हाय." मग ती फुडं जाती.